मांडवात लागलेला निकाल

अजय-अतुल यांचा पहिला अल्बम 'विश्वविनायक' २००१ साली टाइम्स म्युझिकने काढला. गायक दोन, एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन. शब्द संस्कृत, विषय गणपती, आणि पाठीमागे व्हायोलिनांचा ताफा, समूहस्वर, ढोलनगारे आणि कीबोर्डमधून उभे केलेले आवाज. आज या जोडीचे नाव काढले की लोक 'सैराट' म्हणतात, फार तर 'जोगवा' आणि 'नटरंग' म्हणतात. पहिल्या अल्बमबद्दल विचारले तर बहुतेकांना त्यातले एखादे गाणे तोंडपाठ असते. ते कुठल्या अल्बममधले आणि कोणी केलेले, एवढेच सांगता येत नाही. या अल्बमचे स्वागत कसे झाले हे शोधायला निघालेल्या माणसाची पहिली पंचाईत इथेच होते. गाणे घरोघरी पोचलेले आहे आणि त्यावर लिहिलेले हाती फार थोडे लागते.

पुढची पाने त्या स्वागताच्या शोधात लिहिली आहेत आणि ती कुंडलमध्ये बसून लिहिली आहेत. पुण्यामुंबईत लिहिली असती तर सुरुवात बहुधा कात्रणांपासून झाली असती. इथे ती तरुण मंडळांच्या कॅसेटींच्या खोक्यांपासून होते. त्यामुळे उत्तरही वेगळे निघते, असा माझा दावा आहे, आणि या प्रस्तावनेत तेवढाच मांडायचा आहे.

आधी एक शंका निकालात काढू. कीबोर्डमधून आवाज उभे करणाऱ्या या जोडीला 'इलेक्ट्रॉनिक पॉप' म्हणायचे का? युरोप-अमेरिकेतल्या अर्थाने, नाही. तिकडे दोघांनी मिळून यंत्रांवर गाणी करण्याची एक परंपराच आहे. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हेगा आणि मार्टिन रेव्ह यांनी 'सुइसाइड' या नावाने १९७७ मध्ये पहिला अल्बम काढला तेव्हा त्यांच्याकडे एक ऑर्गन, ताल देणारे एक यंत्र आणि कण्हणारा-किंचाळणारा एक गळा, एवढाच संसार होता. लंडनच्या 'पेट शॉप बॉइज'चा 'प्लीज' १९८६ चा. या मंडळींना यंत्राचा यंत्रपणाच हवा होता. तो थंड, कोरडा, न थकणारा ठोका हेच त्यांचे म्हणणे होते. आळंदीत जन्मलेल्या आणि वडिलांच्या महसूल खात्यातल्या बदल्यांबरोबर पुणे जिल्ह्यातल्या गावांत वाढलेल्या अजय आणि अतुल या गोगावले बंधूंची गोष्ट याच्या उलटी आहे. घरात वाद्य नव्हते. वाद्य म्हणून जे हाताशी आले ते एनसीसीच्या बँडमधले, शाळेतले, देवळातले, उसने. नंतर कीबोर्ड आला. त्या कीबोर्डकडून त्यांना यंत्राचा आवाज नको होता. परवडत नसलेला शंभर माणसांचा वाद्यवृंद त्यांना त्यातून ऐकायचा होता. इळैयराजा हे त्यांचे दैवत, हे दोघे अनेकदा सांगतात. बाख आणि त्यागराज यांना 'हाउ टु नेम इट' या १९८६ च्या अल्बममध्ये एकत्र बसवणारा तो संगीतकार. त्याच्यासाठी असंख्य गाणी गायलेल्या बालसुब्रह्मण्यम यांना पहिल्याच अल्बमसाठी आणणे, यात योगायोग थोडा आणि हट्ट जास्त दिसतो. आणि हा हट्ट शेवटपर्यंत गेला. २०१६ च्या 'सैराट'साठी ते लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जाऊन खऱ्या वाद्यवृंदाला वाजवून आले. त्या वाद्यवृंदाची मागणी त्यांनी पंधरा वर्षे आधी 'विश्वविनायक'मध्येच नोंदवून ठेवली होती, असे मला तो अल्बम आज ऐकताना वाटते.

तेव्हा व्याख्येत ते चपखल बसत नाहीत. पण जोडी आहे, पहिला अल्बम आहे, आणि तो त्या काळच्या बाजाराच्या मानाने विक्षिप्त म्हणावा असा आहे. गणपतीची गाणी २००१ साली कशी होती, ते आठवून पाहा. लता मंगेशकरांच्या आवाजातल्या आरत्या, प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, १९७९ च्या 'अष्टविनायक' चित्रपटातले अनिल-अरुण या दुसऱ्या एका जोडीचे गाणे, आणि गणेशोत्सवाच्या तोंडावर बाजारात येणाऱ्या गौरीगणपतीच्या कॅसेटींचे ढीग. भाषा मराठी, चाल गुणगुणता येणारी, लांबी बेताची. त्यात या दोघांनी संस्कृत आणले, तेलुगू मुलखातला गायक आणला आणि देवघरातला गणपती एकदम चित्रपटाच्या पडद्याएवढा केला. 'ब्रेथलेस'मुळे १९९८ पासून घराघरांत पोचलेले शंकर महादेवन इथे श्वास रोखून धावत नाहीत; एकेका नामावर रेंगाळतात.

आता कुंडलकडे येऊ. पलूस तालुक्यातले हे गाव संगीतासाठी प्रसिद्ध नाही. आमचे नाव निघते ते स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारमुळे, त्याच्या तुफान सेनेमुळे, त्या लढ्यातल्या जी. डी. बापू लाड यांच्यामुळे. आणि कुस्तीच्या मैदानामुळे. गाण्याचा मान खाली मिरजेला, जिथे अब्दुल करीम खाँ स्थायिक झाले आणि जिथले सतार-तंबोरे देशभर जातात. किंवा वर औंधला, जिथल्या संस्थानात कुंडल एकेकाळी मोडत होते आणि जिथे गजाननबुवा जोशी यांनी १९४० साली सुरू केलेला संगीत महोत्सव अजून भरतो. मधल्या मधे आम्ही. ग. दि. माडगूळकर शिकायला काही काळ कुंडलमध्ये होते, हे मात्र आम्ही पाहुण्याला पहिल्या चहाबरोबरच सांगतो.

गाव गाणारे नसले तरी ऐकणारे आहे, आणि ऐकण्याची इथली तालीम दोन जागी झाली. एक शाहिरी. चळवळीच्या काळात पोवाडा ऐकून माणूस घरी गेला की भूमिगतांना भाकरी पोचवायला तयार झाला, हाच पोवाड्याचा दर्जा. दुसरी जागा कुस्तीचे मैदान. मैदानात हलगी, घुमकं आणि कैताळ वाजत असते आणि ते नुसते शोभेचे नसते. जोड तोलामोलाची असेल तर हलगीवाल्याचा हात आपोआप चढतो, पैलवान नुसते वेळ काढत असतील तर हलगी मंदावते आणि लोक ओरडू लागतात. डाव कोणी टाकला, कसा सुटला, पंचांनी कुठे घाई केली, हे सांगणारा माणूस बहुधा आयुष्यात एक ओळ न लिहिलेला असतो. पण त्याच्या मताला कसोटी असते. मी समीक्षा म्हणतो ती याला.

छापील समीक्षेशी आमचा संबंध नव्हता असेही नाही. गावाजवळच्या कुंडल रोड स्टेशनाशेजारच्या माळावर, औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेत, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तिथून १९२० पासून 'किर्लोस्कर', १९३० पासून 'स्त्री' आणि पुढे 'मनोहर' ही मासिके निघू लागली. नांगर आणि नियतकालिक एकाच आवारात तयार होत होते. पुढे मासिके पुण्याला गेली. मराठीत संगीतावर लिहिणारे लोकही तोलाचे होते. केशवराव भोळे, 'घरंदाज गायकी' लिहिणारे वामनराव देशपांडे, अशोक दा. रानडे. पण या सगळ्या लिखाणाची नजर ख्यालावर, नाट्यसंगीतावर, फार तर भावगीतावर. रानड्यांनी चित्रपटगीत गंभीरपणे घेतले, तो अपवाद. कॅसेटवर निघालेल्या गणपतीच्या अल्बमला परीक्षण मिळावे, अशी अपेक्षा करणाऱ्यालाच लोक हसले असते. प्रल्हाद शिंदे यांची मुले आनंद आणि मिलिंद यांच्या कॅसेटी गावोगाव वाजल्या, त्यावर किती समीक्षकांनी लेखणी उचलली? कॅसेट ही विकायची वस्तू, तिची समीक्षा कसली, असा हिशेब होता. त्यात जातीचा आणि वर्गाचा वाटा होता, हे उघड बोलायला हवे.

तरी एकदा मराठीत याच्या उलट घडले होते. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले आणि वर्षभर, आठवड्याला एक, अशी ५६ गाणी झाली. लोकांनी रेडिओला हार घातले, उदबत्त्या लावल्या. वर्तमानपत्रांनी गीते छापली, जाणकारांनी लिहिले, वाद घातले. तिथे उदबत्ती आणि लेखणी बरोबर चालल्या. म्हणून गीतरामायणाबद्दल आज कोणालाही नेमके काही म्हणता येते: कोणत्या गाण्यात कोणता राग, कुठे माडगूळकर वाल्मीकीपासून बाजूला सरकले, कुठे फडक्यांनी चाल बदलली. 'विश्वविनायक'च्या वाट्याला उदबत्ती आली, लेखणी फारशी आली नाही.

मग मांडवात काय घडले? ही हकिगत पुढच्या पानांत सविस्तर येईल, इथे फक्त तिचा रोख सांगतो.

मंडळाच्या मांडवात गाण्याला जागा मिळते ती वेळेनुसार. पहाटेची वेळ वेगळी, आरतीची वेगळी, दुपारी मांडवात दोनच पोरे आणि एक कुत्रे असताना वाजणारी कॅसेट वेगळी, विसर्जनाची तर वेगळीच. नव्या कॅसेटला दहा दिवसांत यातली एखादी वेळ पटकावता आली तर ती पुढच्या वर्षी पुन्हा निघते. नाही आली तर खोक्याच्या तळाशी जाते. 'विश्वविनायक'ने आरतीची जागा घेतली नाही. ती कोणीच घेऊ शकत नाही, कारण आरती लोकांना स्वतः म्हणायची असते आणि हे संस्कृत सगळ्यांना झेपणारे नव्हते. विसर्जनालाही हा अल्बम चालला नाही, त्यावर पाय उचलत नव्हते. याने घेतली ती पहाटेची जागा, आणि मूर्तीची प्रतिष्ठापना होताना गुरुजींचे मंत्र सुरू व्हायच्या आधीची ती अवघडलेली पंधरा मिनिटे. पुढे घरांच्या वास्तुशांतीत, दुकानांच्या उद्घाटनांत, लग्नाच्या मांडवात वधूवर यायच्या आधी याच गाण्यांनी बस्तान बसवले. म्हणजे श्रोत्यांनी अल्बम नेमका ओळखला होता. हे नाचायचे नाही, म्हणायचेही नाही. हे वातावरण भारून टाकायचे संगीत आहे, हा त्यांचा निकाल. एखाद्या तरबेज परीक्षकानेही २००१ साली याहून वेगळे काय लिहिले असते?

तक्रारीही होत्या आणि त्या फुटकळ नव्हत्या. जुन्या माणसांना हे पिक्चरचे पार्श्वसंगीत वाटे. भजनी मंडळातल्यांची हरकत अशी की टाळमृदंगाच्या भजनात गाणाऱ्यांतला आणि ऐकणाऱ्यांतला फरक पुसला जातो, इथे मात्र तो ठळक होतो. गाणारे तिकडे, तुम्ही इकडे हात जोडून गप्प. ही हरकत मला अजूनही बिनतोड वाटते. अजय-अतुल यांनी तिला उत्तर दिले, पण सात वर्षांनी. २००८ च्या 'उलाढाल'मधले त्यांचे मोरयाचे गाणे आणि २०१२ च्या 'अग्निपथ'मधले गणपतीचे गाणे ऐका. देव तोच, भव्यता तीच, पण आता समूहाला काम दिलेले आहे. घोष करायचा, ढोलाबरोबर पाय टाकायचा. त्या दोन गाण्यांनी विसर्जनाची मिरवणूक काबीज केली. पहिल्या अल्बमची समीक्षा संगीतकारांपर्यंत पोचली होती की ते स्वतःच तिथे पोचले, हे ठरवण्याचे साधन माझ्याकडे नाही. दोन्हींचा परिणाम मात्र सारखाच दिसतो.

मांडवाच्या या समीक्षेचे गुणगान करून थांबलो तर ते खोटे ठरेल. तिचा एक कान बहिरा आहे. त्या काळी आमच्याकडे कर्णा असे आणि लाकडी बॉक्स असत. कर्ण्यातून खालचे स्वर जातच नाहीत, मधले तेवढे कर्कश होऊन बाहेर पडतात. व्हायोलिनांचे थर, समूहस्वरातले खालचे पुरुषी आवाज, नगाऱ्याची गाज, म्हणजे या दोन भावांनी ज्याच्यासाठी जीव टाकला तेच नेमके गाळले जाई. उरत असे गायकाचा आवाज आणि चाल. नंतर डॉल्बी आली आणि गोष्ट उलटी झाली. आता खालच्या स्वरांनी पत्रे थरथरू लागले आणि बाकी सगळे त्याखाली गाडले गेले. पहिल्या ऐकणाऱ्यांनी आधी अर्धा अल्बम ऐकला, नंतर दुसरा अर्धा. पूर्ण अल्बम मोबाइल आणि हेडफोन आल्यावर ऐकला असेल, आणि तोवर 'सैराट' होऊन गेला होता. आता तो मागून पुढे ऐकला जातो. प्रत्येक व्हायोलिनमध्ये पुढच्या यशाची चाहूल शोधली जाते. ती सापडतेच, शोधणाऱ्याला काय सापडत नाही!

दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. मांडवाचा निकाल लिहिलेला नसतो, त्यामुळे त्यावर अपीलही करता येत नाही. 'सुइसाइड'चे उदाहरण पुन्हा घेतो. १९७८ मध्ये ब्रसेल्सच्या कार्यक्रमात प्रेक्षक इतके भडकले की गायकाच्या हातातला माइकच पळवला गेला आणि तेवीस मिनिटांत सगळे आटोपले. त्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आहे, अल्बमवर तेव्हा आलेली नापसंती छापील आहे. म्हणून पुढच्या पिढीला ते सगळे समोर ठेवून म्हणता आले की तुम्ही चुकलात, हा अल्बम पायाचा दगड आहे. 'पेट शॉप बॉइज'चा नील टेनंट तर स्वतः 'स्मॅश हिट्स' या पॉप मासिकात काम करून गायक झाला होता. परीक्षण कसे लिहितात आणि का लिहितात, हे त्याला आतून ठाऊक. चुकलेले परीक्षणसुद्धा कामाचे असते, कारण त्याच्याशी भांडता येते. आमच्याकडे भांडायला समोर कोणी नाही. गाणे चालले किंवा पडले, एवढेच दप्तर.

म्हणून माझे स्वतःचे मत इथे लिहून ठेवतो. निदान याच्याशी तरी कोणी भांडावे. 'विश्वविनायक'मध्ये नवख्या माणसाची हाव आहे. जवळजवळ प्रत्येक गाणे शिखराकडे निघालेले असते आणि लवकरच पोचते. मग तिथेच उभे राहून हात हलवत बसते. शांत जागा कमी आहेत. त्यातल्या ज्या आहेत त्या बालसुब्रह्मण्यम यांच्या गळ्याने निर्माण केलेल्या आहेत, मांडणीने नव्हेत. यांत्रिक स्वर आणि खरे स्वर यांची शिवण काही ठिकाणी उसवलेली ऐकू येते. पण चालींकडे पाहिले की थक्क व्हायला होते. संस्कृत नामावळी ही एका लयीची, जप करायची गोष्ट. तिच्यात त्यांनी श्वास घ्यायच्या जागा शोधल्या आणि त्या जागांवर चाल वळवली, तरी जपाचा गुण हरवला नाही. शंकर महादेवन यांचे जे गाणे २००५ मध्ये 'विरुद्ध' चित्रपटात गेले, ते याच गुणावर तिथेही टिकले. चित्रपट विसरलेल्यांनाही ते आठवते. 'जोगवा'साठी २००८ सालचा संगीतदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार या जोडीला मिळाला तेव्हा त्यांच्या लोकसंगीताच्या जाणिवेचे कौतुक झाले. माझ्या मते ती जाणीव या संस्कृत अल्बमातच तयार झाली आहे: शब्द कुठलेही असोत, म्हणणाऱ्याचा दम कुठे तुटतो तिथून चाल सुरू करायची.

शेवटी आजच्याबद्दल थोडे. २०२४ मध्ये कृणाल घोरपडे, म्हणजे क्रेटेक्स, आणि श्रेयस सागवेकर या जोडीचे 'तांबडी चामडी' हे मराठी गाणे नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढले. हे मात्र सरळसरळ इलेक्ट्रॉनिक, यंत्राचा ठोका न लपवणारे, आणि विक्षिप्त तर उघडच. त्याचा निकाल दहा दिवसांच्या मांडवात लागला नाही, रीलच्या काही सेकंदांत लागला. आमच्याकडची पोरे त्यावर नाचली. हलगीवाल्यांनी तो ठोका उचलून पाहिला असेल तर नवल नाही. या निकालाचीही कागदावर नोंद फारशी झालेली नाही, आणि रील तर कॅसेटीइतकीही टिकत नाही. कॅसेट निदान खोक्याच्या तळाशी सापडते.

वाचकाने पुढची पाने उघडण्याआधी अल्बम एकदा पूर्ण ऐकावा, चांगल्या हेडफोनवर, आणि जमल्यास 'सैराट' बाजूला ठेवून. नंतर तोच अल्बम एखाद्या जुन्या कर्ण्यातून, रस्त्याच्या पलीकडे उभे राहून ऐकायला मिळाला तर जरूर ऐकावा. पहिले प्रकरण त्या दोन ऐकण्यांमधल्या फरकाबद्दलच आहे.

कुंडल, ता. पलूस, जि. सांगली